नापास होण्याची शिकवणी

४ मार्च, सोमवार

डायरी लिहिण्याचं माझं वय नाही, आवडही नाही. पण आज एका बाईंना शब्द देऊन बसलोय की गाडीत जे ऐकेन ते बाहेर कुणाला सांगणार नाही, बायकोलासुद्धा नाही. तीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडायला लागलंय तर सांगायची बंदी. मग माणसाने काय पोट फुगून मरायचं? वही म्हणजे काही कुणी नव्हे. शिवाय मी यात कुणाचंही नाव लिहिणार नाही, म्हणजे झालंच.

तर सकाळी ऑफिसात बसलो होतो. ऑफिस म्हणजे एक शटरची खोली, टेबल, वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि मनात येईल तेव्हा फिरणारा पंखा. बाहेर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘एका फटक्यात पास’. एक बाई आल्या. आखूड केस, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, "मी समुपदेशक आहे." मी म्हटलं, गाडीचा विमा गेल्याच महिन्यात उतरवलाय. म्हणाल्या, विमा नव्हे, मी मनाच्या दुखण्यावर काम करते.

बाजाराच्या तोंडाशी त्यांचं केंद्र आहे म्हणे. कुणासाठी? तर बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या, घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी बोलणाऱ्या माणसांसाठी. आणि त्यांच्यातही अशांसाठी की ज्यांचं प्रेम घरच्यांना चालण्यासारखं नाही, म्हणजे बाईवर प्रेम करणारी बाई, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, किंवा ज्याला जन्मापासून मुलगा म्हणतात पण जी मुलगी आहे अशी. केंद्र झकास आहे, खुर्च्या मऊ आहेत, कोपऱ्यात कुंडी आहे, आणि कुणी फिरकत नाही. कारण समोरची सगळी दुकानं त्यांच्याच समाजाची. आत गेलेलं माणूस बाहेर यायच्या आधी बातमी त्याच्या आईपर्यंत पोचते.

"मग माझं काय काम?"

"गाडी शिकायला जाते म्हटलं तर कुठलंही घर अडवत नाही. उलट कौतुक करतं. शिकणारी पुढे बसेल, मी मागे. तासभर गाडी फिरेल आणि आम्ही बोलू."

मी विचारलं, ही माणसं एकदम अंगावर वगैरे येत नाहीत ना. बाई शांतपणे म्हणाल्या, "आत्तापर्यंत मला फक्त केंद्रातलं मांजर चावलंय."

मी हो म्हटलं. मार्चात शिकाऊ कमी असतात, हे एक कारण. दुसरं कारण असं की बाई जाताना माझा बोर्ड मोठ्याने वाचून "वा" म्हणाल्या. इतक्या वर्षांत तो बोर्ड कुणी मोठ्याने वाचला नव्हता.

७ मार्च, गुरुवार

पहिला तास. शिकाऊ म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करणारी, तिशीला टेकलेली मुलगी. तिला औषधवाली म्हणतो. सोडायला मोठा भाऊ आला होता. त्याचा गाद्यांचा धंदा, व्हॅन गाद्यांनी गच्च भरलेली. तो गादीवाला. उंच, धिप्पाड, भुवया एकमेकींना चिकटलेल्या.

"किती दिवसांत येईल हिला?"

मी सवयीने म्हटलं, महिन्यात पास करून देतो.

"बरं होईल. तिला एक स्थळ सांगून आलंय, परगावचं. त्यांना गाडी चालवणारी सून हवीय. लायसन्स हातात पडलं की ठरवूनच टाकतो."

बहीण चप्पल बघत उभी होती.

गाडी सुरू केली आणि मी थक्कच झालो. पोरीला उपजत हात आहे. क्लच असा सोडला की गाडीलाही पत्ता लागला नाही. माझा पहिल्या दिवसाचा अनुभव म्हणजे बेडूक शर्यतीला निघाल्यासारखा असतो. मी म्हटलं, ही तर पंधरा दिवसांत पास. मागून बाई "हं" म्हणाल्या. त्यांची ही पद्धतच आहे. समोरचा बोलला की हं, गप्प बसला तरी हं.

कारखान्याच्या सरळ रस्त्याला लागलो तेव्हा औषधवाली समोर बघत म्हणाली, "माझं एका बाईवर प्रेम आहे. शाळेत गणित शिकवते ती. चार वर्षं झाली."

आणि मी ब्रेक दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एक ब्रेक माझ्याही पायाशी असतो. मुद्दाम नव्हे, पाय आपसूक गेला. बाईंचं कपाळ माझ्या सीटच्या पाठीवर आदळलं आणि मागचा टेम्पोवाला माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत बाजूने गेला.

बाई कपाळ चोळत म्हणाल्या, "ब्रेक रस्त्यासाठी ठेवा. वाक्यांसाठी नको."

मी माफी मागितली. तरी त्या तासात आणखी दोनदा दाबला. एकदा ती म्हणाली की भावाला कळलं तर तो तोडून टाकेल तेव्हा, आणि एकदा खरंच कुत्रं आडवं आलं होतं.

११ मार्च, सोमवार

आज मी बूट काढून बसलो, म्हणजे पाय जरा भानावर राहतो. एकदाही ब्रेक नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

औषधवालीला तिच्या दुकानापाशी सोडल्यावर बाईंना केंद्रापर्यंत पोचवायला गेलो. त्यांनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि बायको, मुलगी परदेशी, झकास चाललंय. बाई म्हणाल्या, "हं." मग मुलगी फोन करते तेव्हा आईशीच बोलते आणि मला फक्त ‘बाबा, तब्येत सांभाळा’ म्हणते, एवढं सांगितलं. त्यातून विषय निघत निघत केंद्रावरून दोनदा पुढे गेलो आणि वळून आलो. बाईंनी मला एकसुद्धा उपयोगाचा सल्ला दिला नाही. नुसतं "मग?" आणि "हं". एवढं शिकून बायकांना हेच येतं की काय कळत नाही.

बऱ्याच दिवसांनी दुपारी गाढ झोप लागली. पंखा नीट फिरत होता म्हणून असेल.

१४ मार्च, गुरुवार

बायकोने जेवताना विचारलं, "तुमच्या गाडीत मागे कोण बाई बसलेली असते म्हणे?"

"शिकाऊ."

"मागे बसून काय शिकते?"

"आधी बघून शिकतात काही जण."

"मग मी तीस वर्षं तुमच्या शेजारी बसून बघतेय. मला सरळ लायसन्सच द्या."

मी आमटी मागून घेतली.

१८ मार्च, सोमवार

आजचा दिवस बरा गेला नाही.

गाडीचं काही नाही, ती आता माझ्याहून सुरेख चालवते. हे फक्त इथेच लिहितोय. पण चालवता चालवता म्हणाली की रात्री दुकान बंद करताना एकटी असले की भलतेसलते विचार येतात, वाटतं सगळं एकदाचं संपवून टाकावं. आवाज अगदी साधा, जणू भाजी आणायचीय असं. मी पाय आवळून धरला. बाईंनी या वेळी "हं" केलं नाही. सरळ विचारलं, असा विचार शेवटचा कधी आला, तेव्हा काय केलं, कुणाला सांगितलं. ती म्हणाली, गणिताच्या बाईंना फोन केला, त्या न्यायला येऊन उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, फार चांगलं केलंत, आणि मग दोघींनी मिळून ठरवलं की यापुढे दुकान एकटीने बंद करायचं नाही, मालकाला सांगून दुसरं कुणी सोबत ठेवायचं, आणि असं वाटलं तर बाईंना कुठल्याही वेळी फोन करायचा. मी नुसता आरशात बघत होतो. माझ्या मुलीएवढीच आहे ती.

शेवटी म्हणाली, "हा तास आहे म्हणून आठवडा निघतो. दादाला सांगायचं आहे मला. पण अजून बळ नाही. थोडे दिवस हवेत."

आणि परत आलो तर दादा शाळेसमोर उभा. "झालं ना शिकून? परीक्षेचा दिवस घेतलाय मी, अठ्ठावीस तारीख. पास झाली की तास बंद आणि मी त्या लोकांना होकार कळवतो."

तो गेल्यावर आम्ही तिघं गाडीतच बसून राहिलो. पास झाली तर तास गेले, वेळ गेला आणि लग्न गळ्यात. बाई काही सुचवेनात. म्हणाल्या, निर्णय त्यांचा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, मला नापास व्हायला शिकवाल?"

माझ्या शाळेच्या बोर्डावर काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. मी म्हटलं, विचार करतो.

२१ मार्च, गुरुवार

शिकवायला घेतलं. आयुष्यात इतकं अवघड काही शिकवलं नाही.

मी म्हटलं, वळताना इंडिकेटर देऊ नको. ती देते. म्हणते, हात आपोआप जातो. मी म्हटलं, गाडी बंद पाड. ती म्हणते, कशी पाडतात? मी करून दाखवलं, गाडी नीट चालूच राहिली, म्हणजे माझीही अब्रू गेली. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्यांना चूक करायची सवयच नसते, हा त्यांच्यातला मोठा दोष. शेवटी मी तिला सांगितलं की आमच्या मेव्हण्यासारखी चालव. मेव्हण्याची सगळी लक्षणं सांगितली: आरशात बघायचं ते फक्त केस नीट करायला, गिअर टाकताना खाली वाकून बघायचं, आणि चूक झाली की रस्त्यावर खेकसायचं. तिला हसू आवरेना. पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मागे बाईही तोंडावर पिशवी धरून बसल्या होत्या.

असं हसत असेल तर नापास करायला माझी हरकत नाही. असं आत्ता लिहितोय खरा, पण उद्या त्या बोर्डाकडे बघवणार नाही.

२८ मार्च, गुरुवार

परीक्षा. मी बाकावर बसून बघत होतो.

सुरुवात अशी झाली की पास होणार या भीतीने मला घाम फुटला. ती हळूहळू चालवत होती, पण परीक्षक साहेबांना तो सावधपणा वाटला. त्यांनी मान डोलावलेली मला लांबून दिसली. मग तिने मेव्हणा काढला. आरशात बघून केस सारखे केले. साहेबांना वाटलं आरसा तपासला, त्यांनी पुन्हा मान डोलावली. मी कपाळाला हात लावला. शेवटी पार्किंगच्या वेळी तिने गाडी फुटपाथवर चढवली, कचऱ्याचा डबा आडवा केला आणि साहेबांवरच खेकसली की डबा मधे कुणी ठेवला. झाली नापास.

साहेब मला म्हणाले, "काय मास्तर, तुमची शाळा घसरली."

मी हसलो. गाडीत येऊन बसलो. औषधवाली हळूच म्हणाली, "सर, थँक यू." मला वाटलं होतं रडू तिला येईल. आलं मला. बाईंनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "हं."

१ एप्रिल, सोमवार

गादीवाला तणतणत आला. "आमच्या घरात आजवर कुणी कशात नापास झालेलं नाही. हीच कशी झाली?"

मी म्हटलं, काही जणांना वेळ लागतो.

"माझ्या बहिणीला कशाला वेळ लागेल? लहानपणी तिला एकदा सांगितलं की पाठ व्हायचं." हे म्हणताना चेहऱ्यावर राग आणि अभिमान दोन्ही एकदम. मला तो माणूस वाईट वाटेना, आणि त्याचाच मला राग आला.

४ एप्रिल, गुरुवार

आज जे घडलं ते घडलं तसंच लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

गादीवाल्याने बहिणीला सोडलं आणि नेहमीसारखं निघून न जाता व्हॅन बाजूला लावून उतरला. मागचं दार उघडलं. आत बाई.

"या कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या शिकाऊ."

"मग आधी त्यांचा तास घ्या. मला बघायचंय तुम्ही शिकवता कसं. बहीण मठ्ठ नाही माझी. मास्तरच कच्चा असणार."

आणि तो बहिणीला घेऊन मागे बसला. बाई पुढे येऊन स्टेअरिंगसमोर बसल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला फक्त सायकल येते."

चावी फिरवण्याआधी त्यांनी वायपर सुरू केला, मग हॉर्न, मग धुक्यातले दिवे. मी म्हटलं, बाई, गाडी दाखवायची नाही, चालवायची आहे. सुदैवाने क्लचही माझ्याकडे एक असतो. म्हणजे पायांनी मी चालवत होतो, एका हाताने स्टेअरिंगही मीच धरलं होतं. बाई फक्त बसलेल्या होत्या आणि तेही त्यांना जमत नव्हतं. तशा अवस्थेत आम्ही बाजाराच्या चढापर्यंत आलो. तिथे बाईंनी एकदम ऐनवेळी माझा हात झटकून वळण घ्यायचा प्रयत्न केला आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. मागे काचेची तावदानं भरलेला टेम्पो. त्याच्या मागे बस. त्याच्या मागे सगळं गाव.

मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा. बाईंनी दोन्ही हात सोडून डोळे मिटले आणि मोठमोठ्याने श्वास घेऊ लागल्या. हाच श्वास त्या रोज औषधवालीला शिकवतात. त्यांना स्वतःला काही तो लागू पडताना दिसला नाही. हॉर्न असे वाजत होते की कान किटले. गादीवाला मागून ओरडतोय, "अहो मास्तर, काहीतरी करा."

मागून शांत आवाज आला. "बाई, तुम्ही मागे या."

औषधवाली उतरली, फिरून आली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. हँडब्रेक, क्लच, जरासा गॅस. गाडी बोटभरसुद्धा मागे न जाता सरळ झाली, बस आणि भाजीच्या गाड्याच्या मधून इंडिकेटर देऊन अशी अलगद निघाली की टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. मी न राहवून म्हटलं, "शाब्बास पोरी."

आणि जीभ चावली. आरशात पाहिलं. गादीवाला बहिणीच्या हातांकडे बघत होता.

"तुला येतं."

"येतं."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग नापास का झालीस?"

ती म्हणाली, "मुद्दाम." आणि त्यापुढे आपल्या घरच्या भाषेत बोलायला लागली ती नदीवरच्या पुलापर्यंत थांबली नाही.

मला ती भाषा येत नाही. इतकी वर्षं ते लोक शेजारी राहतात, मला त्यातला एक आभार मानायचा शब्द येतो आणि एक शिवी, आणि दोन्हींपैकी काहीच आलं नाही. ओळखीचे शब्द लागले ते एवढेच: स्टेअरिंग, फेल, दुकान, आणि त्या गणिताच्या बाईंचं नाव. बाईंनाही ती भाषा येत नाही. आम्ही दोघं ठोंब्यासारखे बसलो होतो. मला इतकं कळून घ्यायचं होतं की मान दुखेपर्यंत आरशात बघत राहिलो.

आधी त्याच्या भुवया वर चढल्या. मग तो मोठ्या आवाजात एक वाक्य बोलला आणि मी अंग चोरलं. ती थांबली नाही. नजर रस्त्यावर, हात जागेवर, प्रत्येक वळणाला इंडिकेटर. मग ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली, त्यात दुकान हा शब्द होता, आणि त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्याने अगदी छोटासा प्रश्न विचारला. तिने एका शब्दात उत्तर दिलं. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने नुसती मान हलवली. त्याने तोंडावर मूठ धरली आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पूल ओलांडल्यावर म्हणाला, "थांबव."

तिने दोन रेघांच्या बरोबर मधे गाडी लावली. तो उतरला आणि चालायला लागला. दार आपटलं नाही. माझ्या गाडीचं ते दार आपटल्याशिवाय लागत नाही, त्यामुळे उघडंच राहिलं.

तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मग हमसून हमसून रडली. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी त्यांनी पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी उतरून दार लावलं. मग बाईंनी विचारलं, आज कुठे राहाल, एकटं राहायचं नाही. ती म्हणाली, तिच्याकडे. आम्ही तिला गणिताच्या बाईंच्या दारात सोडलं. त्या खाली येऊन उभ्याच होत्या. जाड चष्मा, पायात घरातल्या सपाता. एवढंच पाहिलं मी. दोघी आत गेल्या.

बायकोने माझं तोंड पाहून विचारलं नाही काय झालं. म्हणाली, "आधी जेवा."

६ एप्रिल, शनिवार

गादीवाल्याची व्हॅन अजून शाळेसमोरच उभी आहे. चावी आतच राहिली होती, ती मी काढून ठेवलीय, पण घ्यायला कुणी आलं नाही. लोक येऊन मला गाद्यांचे भाव विचारतात.

८ एप्रिल, सोमवार

औषधवाली तासाला आली नाही. बाईंना फोन केला होता म्हणे, ठीक आहे. ठीक म्हणजे काय, ते सांगत नाहीत. गुप्तता. मी म्हटलं, अहो मी गाडीत होतो. तरी नाही.

९ एप्रिल, मंगळवार

राहवेना. औषधांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक म्हणून जायचं ठरवलं होतं, पण काय मागायचं ते ठरवलं नव्हतं. खोकल्याचं औषध घेतलं, मग गुडघ्याचं मलम, मग कापूस. ती आत होती. चेहरा उतरलेला, पण ताठ उभी. शेजारी एक मदतनीस बाई नवी ठेवलेली दिसली. मला बरं वाटलं.

पिशवी देताना म्हणाली, "सर, तुम्हाला खोकला नाहीये."

"होईल."

मग ती हळूच म्हणाली, "दादाने त्या लोकांना नाही म्हणून कळवलं. कारण काहीच सांगितलं नाही. पण माझ्याशी बोलत नाही. मी अजून तिच्याकडेच राहते, तिथे रोज सकाळी दारात माझा डबा ठेवून जातो, बेल न वाजवता."

"घरचा?"

"स्वतः करतो. खारट असतो."

मी कापूस आणखी एक घेतला.

१८ एप्रिल, गुरुवार

औषधवाली पास. एका फटक्यात म्हणता येणार नाही, पण साहेब स्वतः उतरून म्हणाले की असं पार्किंग त्यांनी या वर्षात पाहिलं नाही. मी म्हटलं, शाळा कुणाची आहे. आता तिला तासाची सबब लागत नाही, ती सरळ केंद्राच्या दारातून आत जाते. समोरच्या दुकानदारांनी पाहिलं. ती म्हणाली, बघू देत, मलाही ते दिसतात.

तिचा तास आता रिकामा. सोमवार-गुरुवार सकाळ सुनी सुनी वाटते. बाई म्हणाल्या, दुसरं कुणी येईल.

२२ एप्रिल, सोमवार

आलं.

सकाळी शटर उघडलं तर गादीवाला उभा. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. अख्ख्या गावाला गाद्या विकणारा माणूस, पण याला स्वतःला झोप नाही हे कुणीही सांगितलं असतं. मला वाटलं व्हॅन न्यायला आला. चावी पुढे केली.

म्हणाला, "मला गाडी शिकायचीय."

मी व्हॅनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर किती वर्षं चालवताय."

"रिव्हर्स कच्चं आहे."

धादांत खोटं. भरलेली व्हॅन बाजारातल्या बोळातून उलटी काढताना मी त्याला स्वतः पाहिलंय. पण बोललो नाही. रजिस्टर काढलं. त्याने टेबलावरचा पेन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"त्या मागे बसणाऱ्या बाई, त्या असतात का?"

"सोमवार-गुरुवार असतात."

"मग मला सोमवार-गुरुवारच द्या."

बाई आल्या, मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. त्याने गाडी काढली. मला काहीच काम नव्हतं. पाय पसरून बसलो. तो कारखान्याच्या सरळ रस्त्याला लागेपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आणि बाईंनीही काही विचारलं नाही. मलाच घुसमटायला झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून बाईंनी माझ्या सीटला गुडघ्याने ढोसलं.

मग तो समोर बघत म्हणाला, घरच्या भाषेत नव्हे, मला कळेल अशा इथल्या भाषेत:

"लहानपणी ती पडली की आधी धावत माझ्याकडे यायची आणि मगच रडायची. आता चार वर्षं शेजारच्या खोलीत एकटी रडत होती. मी भिंतीपलीकडे. सकाळी डबा ठेवायला जातो, बेलपर्यंत हात जातो आणि परत येतो. दार उघडलं तर काय बोलायचं ते मला येत नाही. तेवढं शिकवा."

पुढच्या चौकात डावीकडे वळलं की शाळा पाच मिनिटांवर. मी त्याला म्हटलं, सरळ घ्या.